दाजींचं जाकीट

शहागंज, मे महिना

मे महिन्याच्या भर दुपारी शहागंजात जाऊन थंडीचं जाकीट मागणाऱ्या माणसाकडं दुकानदार आधी दयेनं बघतो आणि मग पाणी विचारतो. आम्हाला युसूफभाईंनी दोन ग्लास पाणी दिलं. एक मी प्यायलो. दुसरा दाजींनी समोरच्या जाकिटाच्या बाहीवर ओतला.

"ये क्या करते भाई?" युसूफभाई ओरडले.

"टेस्टिंग," दाजी म्हणाले. "पानी अंदर जाता क्या बघताय."

पाणी आत गेलं. खाली ठेवलेल्या सुती बंड्यांच्या गठ्ठ्यातही गेलं. युसूफभाईंनी वरचा पंखा वाढवला आणि माझ्याकडं असं बघितलं, की याला तुम्ही आणलंय, आता तुम्हीच न्या.

पण दाजींना कुठं नेणं-आणणं माझ्या हातात नसतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, कमलताईचे यजमान भगवानराव. पाचोडला मोसंबीची बाग, गावात वजन, आणि अंगातही. आमच्याकडं बहिणीच्या नवऱ्याचं स्थान काय असतं हे ज्यांना बहीण नाही त्यांना कळायचं नाही. ते आले की घर उभं राहतं. पहिलं ताट त्यांचं. ते आंबा आंबट म्हणाले तर तो आंबट, मग रस खाऊन बाकीचे बोटं चाटायचे थांबत का नसेनात. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी दाजींना एकदाही 'नाही' म्हणालेलो नव्हतो. ताई म्हणते, पण तिची गोष्ट वेगळी. ती देवालाही म्हणते.

मी वाळूजला एका कारखान्यात मालाची तपासणी करतो. आठवडाभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि रविवारी दोर घेऊन सातमाळा रांगेतल्या एखाद्या सुळक्याला लटकायचं, असं माझं आयुष्य आहे. यंदा मनालीच्या वरचं एक बर्फाचं शिखर चढायचं ठरवलं होतं. ताईकडं आमरसाच्या जेवणाला गेलो तेव्हा सहज बोलून गेलो.

"मग मी बी येतो," दाजी म्हणाले.

मी हसलो. दाजी हसले नाहीत. आतून ताई म्हणाली, "ने रे अवि त्यांना. तेवढीच घरात शांतता."

दाजी थट्टेनं बोललेले नाहीत हे मला दौलताबादला कळलं. पुढचे सगळे रविवार ते पाठीला पाण्याच्या बाटल्यांची पिशवी बांधून किल्ला चढायला लागले. डॉक्टरांकडून तपासून आले. मी त्यांना दोराचं शिकवलं, तेही पटापट शिकले. बागेत दिवसभर उभा राहणारा माणूस, पाय खणखणीत. खोट काढायला जागाच ठेवली नाही त्यांनी. अडलं ते जाकिटापाशी.

बर्फातल्या चढाईसाठी 'सॉफ्टशेल' नावाचं जाकीट घेतात. मी दाजींना ते समजावून सांगितलं. चढताना माणूस घामानं भिजतो आणि थांबला की त्याच घामानं गारठतो. म्हणून असं जाकीट हवं, जे अंगासोबत ताणलं जाईल, वारा अडवेल, पण घामाची वाफ बाहेर सोडेल. ऊब त्याच्या आतल्या कपड्यांनी द्यायची. आणि पाऊस आला तर वरून घालायला एक पातळ रेनजाकीट पिशवीत वेगळं ठेवायचं.

दाजींनी नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे हे भिजतं?"

"थोड्या वेळानं भिजतं."

"ऊब बी देत नाय?"

"तशी फार नाही."

"मग त्याला जाकीट का म्हणायचं?"

युसूफभाईंनी आतून एक काळं, कुत्र्याच्या पिल्लासारखं केसाळ जाकीट आणलं. "ये लेके जाओ. दिल्ली की थंडी में लोगां इसको पहन के पसीना पसीना होते."

"हे नको," मी म्हणालो, युसूफभाईंना. दाजींना नव्हे.

औरंगपुरा

औरंगपुऱ्यातल्या खेळाच्या सामानाच्या दुकानात कॅरमबोर्ड, शाळेचे ट्रॅकसूट आणि एका पुतळ्याच्या अंगात नारिंगी जाकीट होतं. त्याच्या कॉलरला लटकलेल्या कागदावर 'सॉफ्टशेल' असं लिहिलेलं. इथं माझं तोंड बंद झालं, कारण शब्द माझाच होता.

दाजींनी ते चढवलं. वरचं कापड जाड, मधे प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, आतून मऊ लोकर. दुकानदारानंच पाणी आणून दिलं. दाजींनी बाहीवर ओतलं. थेंब अळूच्या पानावरून पळावेत तसे पळाले. दाजींचा चेहरा उजळला.

मी माझी तपासणी केली. कापडाला तोंड लावून जोरात फुंकलं. हवा जरासुद्धा पलीकडं गेली नाही. याचा अर्थ घामही बाहेर येणार नव्हता. कारखान्यात असा नग आला असता तर मी तिथल्या तिथं लाल शिक्का मारला असता.

"कसंय पाव्हणं?" दाजींनी विचारलं. मला ते नावानं कधी हाक मारत नाहीत.

"जरा... जाड वाटतं."

"जाड नाय. भारदस्त."

"हो, भारदस्त आहे," मी म्हणालो.

माझं स्वतःचं जाकीट मी आधीच ऑनलाइन मागवलं होतं. त्याचंही सोपं झालं नाही. पहिलं आलं त्यात हात वर केला की पोट उघडं पडायचं. चढणाऱ्याचा हात कायम वर असतो, त्यामुळं ते परत. दुसऱ्याची टोपी हेल्मेटवर बसेना, तेही परत. तिसरं आलं तेव्हा मी हेल्मेट घालून, कमरेला पट्टा बांधून, बैठकीच्या खोलीत दोन्ही हात वर करून उभा होतो आणि दारात आलेली शेजारीण मुकाट्यानं निघून गेली. पण ते बसलं. राखाडी, पातळ, जुन्या परकरासारखं दिसणारं. दाजींनी ते दोन बोटांत धरून बघितलं आणि ताईला म्हणाले, "तुझ्या भावाला फसवलं गं कुणीतरी."

मनालीहून वर

मनालीचं वर्णन करत नाही. आपल्याकडच्या निम्म्या लोकांचं तिथं मधुचंद्राचं छायाचित्र आहे. आमचा वाटाड्या तंजिन आम्हाला बसस्थानकावर घ्यायला आला. लाहौलचा, तिशीतला, हसरा. आम्ही संभाजीनगरहून आलो म्हटल्यावर त्यानं विचारलं, "वहाँ पहाड़ है?"

दाजींना ते लागलं. त्यांनी अजिंठ्यापासून सुरुवात करून वेरूळपर्यंत त्याला आपले सगळे डोंगर ऐकवले. तंजिननं शेवटी विचारलं, "मतलब उन में छेद है?"

जेवायला त्यानं सिड्डू मागवला. कणकेचा जाड, फुगीर, वाफवलेला गोळा, आत अक्रोड-खसखस आणि वरून ओघळणारं तूप. दाजींनी पिशवीतून ताईनं दिलेली धपाटी आणि लसणाची चटणी काढली आणि सिड्डू चटणीत बुडवून खाल्ला. ढाब्याच्या मालकिणीनं चटणीची चव घेतली, डोळे पुसले आणि आणखी मागितली. त्या चटणीवर आम्हाला परत आल्यावरही चहा फुकट होता.

दुसऱ्या दिवशी शिखराच्या पायथ्याशी असलेल्या तळाकडं चालायला लागलो. देवदार संपले, मग भूर्ज, मग नुसतं गवत आणि मेंढ्या. आमचं सामान खेचरांवर होतं. आकाश इतकं निळं, की मी पिशवी हलकी करायची म्हणून माझं रेनजाकीटही खेचरावर टाकलं. इतरांना मी हीच गोष्ट कधी करू नका म्हणून सांगत असतो. खेचरं पुढं गेली आणि ढग मागून आले. पाऊस असा कोसळला की समोरचा माणूस दिसेना.

माझं शहाणं जाकीट पहिली काही मिनिटं टिकलं. नंतर ते भिजलं, नंतर मी भिजलो, नंतर बूटही. दाजी नारिंगी तंबूसारखे शेजारून चालले होते, कोरडे ठणठणीत, आणि सारखे थांबून माझ्याकडं बघत होते.

"पाव्हणं, वाफ बाहेर जाती ना?"

तळावर पोचल्यावर त्यांनी ही हकिगत आधी स्वयंपाक्याला सांगितली, मग खेचरवाल्याला, मग शेजारच्या तंबूतल्या बंगाली मंडळींना. प्रत्येक वेळी माझं जाकीट हातात घेऊन ते पिळून दाखवायचे. बंगाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मी स्वयंपाकघराच्या तंबूत शेगडीपाशी चड्डीवर बसून राजमा-भात खाल्ला. पावसात दाजींचंच खरं ठरलं होतं.

म्हणूनच पुढं मी पुन्हा गप्प बसलो. बर्फावर सराव झाला, बुटांना खिळे बांधून चालायचं, कुऱ्हाड रोवून घसरण थांबवायची. दाजी त्यातही तरबेज निघाले. फक्त त्यांचं जाकीट कमरेच्या पट्ट्यातून सारखं वर निघायचं आणि पोटावर गोळा व्हायचं. आणि सराव संपला की ते आतून ओले असायचे. मी एकदा म्हणालो, "दाजी, वर जाताना चेन उघडी ठेवा." ते म्हणाले, "पाव्हणं, तुम्ही तुमचं सांभाळा. तुमचं अजून वाळलं नाय."

शिखराच्या वाटेवर

उजाडायच्या आत निघालो. एकाच दोरात तिघं. पुढं तंजिन, मधे दाजी, मागं मी. बर्फ कडक होता, खिळे करकचून रुतत होते. पहिला चढ लांबलचक आणि सरळ. दाजी जोरात होते. श्वास सापडला की बोलायचे. बहर धरायला मोसंबीचं पाणी तोडायचं कसं, आपल्याकडच्या पुढाऱ्यांना इथं आणून कसं सोडायला पाहिजे, तंजिनचं लग्न कधी.

उजाडलं तेव्हा आम्ही उंच चढून आलो होतो आणि मी एका जागी थांबलो. काही क्षण मला दुसरं काही सुचेना. एकामागं एक बर्फाचे डोंगर, सगळ्यांच्या टोकाला उन्हाची गुलाबी किनार. खाली आमचे तंबू पडलेल्या बटणांसारखे. दाजींनी मागं वळून बघितलं आणि नुसतं "आयला" म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

दाजींच्या नारिंगी पाठीवर तेव्हाच मला काळपट डाग दिसले. घाम आतून दाटून शिवणीशिवणीतून बाहेर आला होता.

"दाजी, आतलं ओलं झालंय का?"

"एकदम फर्स्टक्लास!"

तंजिननंही विचारलं. त्यालाही तेच उत्तर. एकदा नव्हे, प्रत्येक थांब्याला. तो बिचारा काय करणार, माणूस हसतोय, पाय टाकतोय, फर्स्टक्लास म्हणतोय.

मग आम्ही धारेवर आलो आणि वाऱ्यात सापडलो. इतका वेळ डोंगराच्या आडोशानं चढत होतो, आता दोन्ही बाजू उघड्या. पुढं एक अवघड टप्पा होता. तंजिन तिथं दोर बांधायला गेला आणि आम्हाला उभं राहावं लागलं. शिखर समोर होतं. माथ्यावर बांधलेल्या प्रार्थनेच्या पताका फडफडताना दिसत होत्या. खरं सांगतो, मला त्या पताकांशिवाय काही दिसत नव्हतं. वर्षभर सुट्ट्या राखून ठेवल्या होत्या मी या दिवसासाठी.

दाजी बराच वेळ बोलले नाहीत. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मोटार बंद केली का?"

मला वाटलं विनोद. मी हसलो.

"खालच्या वाफ्यात पाणी चाललंय," ते म्हणाले. जीभ जड, शब्द एकमेकांत अडकलेले. "मोटार बंद कर."

मी पुढं जाऊन त्यांचा चेहरा बघितला. ओठ निळसर. मिशीवर बर्फ. आणि अंगाला कापरं भरलेलं, पण त्यांना ते कळत नव्हतं. ते हातमोजा काढत होते, बहुतेक मोटारीचं बटण दाबायला.

"दाजी, मोजा घाला."

ते ऐकेनात.

"दाजी, बसा खाली. आपण उतरतोय."

"वर जायचंय," ते म्हणाले आणि एकदम चालायला लागले. मधल्या दोरासकट, वारा सुटलेल्या धारेवर, भलत्याच बाजूला. त्या बाजूला काहीच नव्हतं.

मी दोर खेचला आणि ओरडलो. जे तोंडातून आलं ते ठरवून आलेलं नव्हतं.

"ए भगवान! बस खाली! बस म्हणतो ना गाढवा!"

पुढं दोर बांधत असलेल्या तंजिनला वाटलं मी देवाचा धावा करतोय. त्यानं तिथूनच वर बोट दाखवून मान हलवली. मग दाजींकडं बघितलं आणि सगळं टाकून धावत आला.

दाजी बसले होते. हाक मारल्या क्षणी, शाळेतल्या पोरासारखे, मटकन.

आम्ही दोघांनी त्यांना खडकाच्या आडोशाला ओढलं. ते नारिंगी जाकीट काढलं तेव्हा आतून अक्षरशः पाणी सांडलं. आतला बनियन पिळून निघाला. हिमालयाच्या धारेवर दाजी उघडे बसले होते आणि त्यांच्या पोटावरून झाकण काढलेल्या भाताच्या पातेल्यासारखी वाफ निघत होती. दुसऱ्या कुठल्याही वेळी मी हसून हसून मेलो असतो. माझ्या पिशवीतले कोरडे लोकरी कपडे त्यांना घातले, त्यावर पिसं भरलेलं उबदार जाकीट, त्यावर माझं रेनजाकीट. तंजिननं थर्मासमधलं साखरेचं गरम पाणी घोट घोट पाजलं. मी त्यांचे हात माझ्या काखेत धरून बसलो. माझ्या अंगात तेच परकरासारखं राखाडी कापड होतं, आतून कोरडं.

हळूहळू कापरं कमी झालं. डोळ्यांत ओळख आली. त्यांनी पहिल्यांदा पताकांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ते तिथं तर आहे," ते म्हणाले.

"नाही," मी म्हणालो. "खाली."

त्यांनी मान खाली घातली. मी शिखराकडं पाठ केली आणि आता सांगायला हरकत नाही, त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला होता की धरून हलवावंसं वाटत होतं. आणि त्यांचेच हात मी काखेत घट्ट धरून ठेवले होते.

परत मनाली

दाजी तळापर्यंत स्वतःच्या पायांनी आले. तंबूत दोन ताटं भात खाऊन झोपले. सकाळी उठले ते गप्प. खाली उतरताना गप्प. मेंढपाळानं ताक दिलं, ते प्यायले, गप्प. बंगाली मंडळींनी विचारलं तरी जाकीट पिळायची गोष्ट नाही की काही नाही.

मी बहिणीच्या नवऱ्याला नावानं, अरेतुरेनं हाक मारली होती आणि वर गाढव म्हणालो होतो. आमच्याकडं यावरून सोयरीक तुटते. ताईला काय सांगायचं याची मी वाटभर उजळणी करत होतो. हा गुन्हा चढत्या वाऱ्याच्या खात्यावर टाकता येईल का, याचाही विचार केला.

त्या चटणीवाल्या ढाब्यावर बसलो तेव्हा दाजी म्हणाले, "अविनाश."

मी दचकलो. पाव्हणं गेलं होतं.

"वर तू काय म्हणालास मला? मला सगळं आठवत नाय. तुकडे तुकडे आहेत."

"दाजी, घाईत तोंडातून..."

"काय म्हणालास ते सांग."

मी ताटात बघत सांगितलं. "ए भगवान, बस खाली."

"अजून?"

"गाढवा."

दाजींनी सिड्डूचा तुकडा मोडला. खाल्ला. पाणी प्यायले.

"आबा गेल्यापासून मला गाढव कुणी म्हणालं नव्हतं," ते म्हणाले. "मला वाटलं आबाच ओरडले. म्हणून बसलो."

आबा म्हणजे दाजींचे वडील.

"औरंगपुऱ्यात तुला माहीत होतं ना? तू फुंकर मारून बघितली होतीस."

"हो."

"मग तिथंच का नाय म्हणालास?"

"तुम्ही दाजी आहात."

"व्हय," ते म्हणाले. "अन् वर राहिलो असतो तर? भिंतीवरच्या फोटोतला दाजी झालो असतो. हार घालत बसला असतास."

ते रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते इतक्या साध्या आवाजात म्हणाले की मी घास ताटातच ठेवला. मी हात धुतले आणि बाहेर येऊन उभा राहिलो. थोड्या वेळानं ते मागून आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चल, जाकीट घ्यायचं."

"आता कशाला?"

"आता तू खरं सांगशील म्हणून."

मनालीच्या वरच्या गल्लीत गिर्यारोहकांचं वापरलेलं सामान विकणारं एक दुकान आहे. बुटांचा, दोरांचा आणि जगभरच्या घामाचा वास. मालकीण लोकर विणत बसलेली. दाजींनी एक निळं जाकीट उचललं.

"हे?"

"नाही. आतून लोकर चिकटवलीय, तुमचं तेच होईल."

"हे?"

"नाही. खिसे बघा, पट्टा बांधला की खालचे दाबले जातात."

"हे भारी आहे."

"नाही, दाजी."

त्यांना नाही ऐकायची चटकच लागली. पुढं पुढं तर ते मुद्दाम भयंकर जाकिटं काढायला लागले, एक तर लहान मुलाचं होतं. मी नाही म्हणत गेलो. पहिल्या दोनतीन वेळा जीभ अडखळली, मग सवय झाली.

शेवटी ढिगाच्या तळातून एक जांभळं निघालं. पातळ, ताणलं जाणारं. फुंकलं तर हवा आरपार, हलकीशी. दाजींनी घातलं. खांद्यात बेताचं, कमरेत सैल. हात वर केले, पोट झाकलेलंच राहिलं. हेल्मेटवर टोपी बसली. दाजींच्या देहासाठीच कुणीतरी शिवलं होतं जणू.

मालकिणीनं विणकाम खाली ठेवलं. "भाईसाब, यह लेडीज़ है."

दाजींनी आरशात बघितलं. मग माझ्याकडं.

"बोल."

"बसतंय, दाजी."

"मग झालं," ते म्हणाले आणि तेच अंगात ठेवून बाहेर पडले. मनालीच्या बाजारात, नव्या जोडप्यांच्या गर्दीतून, पाचोडचे भगवानराव जांभळ्या बायकी जाकिटात ताठ मानेनं चालले होते. एका दुकानदारानं त्यांना "मॅडम" म्हणून हाक मारली, पाठमोरे होते म्हणून. त्यांनी वळून मिशी दाखवली.

पाचोड

ताईनं आम्हाला ओवाळलं, जेवू घातलं आणि मग सगळं ऐकून घेतलं. दाजींनी स्वतःच सांगितलं, काही न लपवता. गाढवसुद्धा. मी भिंतीकडं बघत बसलो होतो. ताई मधेच उठली, आत गेली. भांड्यांचा आवाज नाही, काही नाही. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. "फोडणीचा धूर," म्हणाली. चूल तर कधीच विझली होती.

मग तिनं धुवायचे कपडे काढायला दाजींची पिशवी उघडली. जांभळं जाकीट हातात आलं. तिनं ते उलटसुलट केलं, चेन बघितली, शिवण बघितली.

"हे बाईमाणसाचं आहे."

"असू दे," दाजी म्हणाले. "मला बसतं."

ताईनं ते साडीवरून अंगात घातलं. चेन लावली. दोन्ही हात वर केले, डावीकडं वळली, उजवीकडं वळली, खाली वाकून पायाच्या अंगठ्याला हात लावला. दाजींचा हात काही तिथवर पोचला नसता. मग सरळ उभी राहून म्हणाली, "मला जास्त बसतं."

दाजींचा चेहरा पडला. "कमल, अगं ते..."

"पुढच्या खेपेला मी जाणार आहे," ताई म्हणाली. "तुम्ही घरी बागेला पाणी द्या."

दाजी माझ्याकडं वळले. डोळ्यांत आशा होती.

"अविनाश, सांग तिला. नाही म्हण. तुला आता येतं."

मी ताईकडं बघितलं. ती हात कमरेवर ठेवून उभी होती, जांभळं जाकीट घालून, पाचोडच्या त्या उकाड्यात, आणि वाट बघत होती.

"ताई," मी म्हणालो, "तुझ्या पायाचं माप काय?"